फ्रेशचा उलटा शब्द सांगा

भाषांतराच्या धंद्यात कथा-कादंबऱ्यांवर घर चालत नाही. माझं चालतं ते पाकिटांवर, खोक्यांवर आणि बरण्यांवर. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे', 'उघडल्यावर तीन दिवसांत संपवावे' असली वाक्यं मी कर्वेनगरातल्या घरी बसून वर्षानुवर्षं लिहिते आहे. मध्यंतरी इडलीच्या तयार पिठाचं पाकीट आलं. वर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'फ्रेश'. मी त्याच्या जागी 'ताजे' लिहून फाईल पाठवून दिली. तासाभरात फोन आला.

"मॅडम, तेवढं फ्रेशच ठेवा."

"का हो? ताजं म्हणजे तेच की."

"तेच आहे. पण ताजं वाचलं की लोक विचारतात, कधीचं?"

फोन ठेवल्यावर आधी हसू आलं. इडलीचं पीठ रात्रभर राहून आंबतं तेव्हाच त्याची इडली होते, म्हणजे त्या पाकिटाला ताजं म्हणायचं की कालचं म्हणायचं हा प्रश्न माझाही होताच. पण गिऱ्हाइकाचं ते एक वाक्य डोक्यातून जाईना. त्याला मराठीचा अभ्यास बिभ्यास काही नव्हता, तरी त्याने नेमकी नस पकडली होती. 'ताजं' म्हटलं की प्रश्न येतो आणि 'फ्रेश' म्हटलं की येत नाही. हे असं का होतं?

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. ताज्याला शिळं आहे. दोन्ही शब्द एकाच फडताळात ठेवलेले असतात, एक काढला की दुसरा हाताला लागतोच. फ्रेशला मराठीत उलटा शब्दच नाही. घरात, बाजारात, ऑफिसात दिवसातून दहा वेळा फ्रेश म्हणणारा माणूस पावाचा वास घेऊन 'स्टेल' म्हणत नाही, 'शिळा आहे' म्हणतो. इंग्रजीतून आपण जोडीतला एकच उचलला आणि ज्याला उलटं काही नाही त्याला खोटंही ठरवता येत नाही. वैताग या शब्दाचा नाही, या सोयीचा आहे. ती सोय विकणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नाही.

खुद्द इंग्रजीत हा शब्द असा मोकाट नाही. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'फेर्श' आणि अर्थ 'मीठ नसलेलं' असा, पाण्याबद्दल वापरायचा. नवेपणाचा अर्थ पुढे फ्रेंचच्या वाटेने येऊन त्यात मिसळला. आजही इंग्रज नदीच्या पाण्याला फ्रेश म्हणतो तेव्हा त्याला ते आज सकाळी आलं असं म्हणायचं नसतं, ते खारट नाही एवढंच सांगायचं असतं. लोण्याला म्हणतो तेव्हा मीठ न घातलेलं किंवा नुकतं काढलेलं. मासळीला म्हणतो तेव्हा गोठवलेली नाही, मटाराला म्हणतो तेव्हा डब्यातला नाही, पावाला म्हणतो तेव्हा शिळा नाही. खलाशांच्या बोफर्ट मापनात पाचव्या क्रमांकाचा वारा 'फ्रेश ब्रीझ', ताशी साधारण ३० ते ३८ किलोमीटरचा. त्यात झुळूक वगैरे काही नसते, लहान झाडं डोलायला लागतात. अमेरिकन बोलीत पोरगा 'फ्रेश' झाला म्हणजे आगाऊ झाला. ओल्या गिलाव्यावर काढलेल्या चित्राला फ्रेस्को म्हणतात, तोही याच कुळातला इटालियन शब्द. एवढे अर्थ, पण तिथे प्रत्येकाला आपापला उलटा शब्द आहे. पाणी, पाव, मासळी, वारा यांपैकी समोर काय आहे त्यावरून ऐकणाऱ्याला समजतं की कशाचा नकार चालला आहे.

आणि मराठीने तर या प्रत्येक नकारासाठी वेगळी जोडी करून ठेवली होती. पाणी गोडं किंवा खारं, मधलं असेल तर मचूळ. खोबरं ओलं किंवा सुकं, बोंबील ओले किंवा सुके, हळकुंड ओलं किंवा वाळलेलं. दूध निरसं किंवा तापवलेलं आणि म्हशीखालून थेट पेल्यात आलं तर धारोष्ण. कापड कोरं किंवा धुवट. कागद कोरा, चहाही कोरा, पण त्या दोन कोऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि कोणाचा गोंधळही होत नाही. नोटा करकरीत किंवा चुरगळलेल्या. फूल टवटवीत किंवा मलूल. माणूस ताजातवाना किंवा पेंगुळलेला. माझी आजी नारळ कानाशी धरून हलवायची आणि "ओला आहे, पण कोवळा नाही" असं सांगायची. या एका वाक्यात नारळाचं वय, आतलं पाणी आणि त्याचं आज काय करायचं हे सगळं आलं. तोच नारळ आज प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतो आणि वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, फ्रेश कोकोनट.

इथे कोणी म्हणेल, आली ही पण भाषाशुद्धीवाली. तर तसं नाही. 'ताजा' कुठे आपला आहे? तो फारसीतून आला. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. तरी ताजा राहिला, बाजार राहिला, तारीख राहिली. सावरकरांनी तारखेला 'दिनांक' सुचवला, तो अर्जावर रुळला आणि बोलण्यात तारीखच राहिली. पाकिटावर 'दिनांक' छापा की 'तारीख' छापा, माझी ना नाही. फक्त छापा. आणि ताजा आला तो नुसता आला नाही, मराठीत संसार थाटून बसला. शिळं या अस्सल घरच्या शब्दाशी त्याची जोडी जमली. 'ताज्या घोड्यावर गोमाशा' या म्हणीत तर त्याचा अर्थ धष्टपुष्ट असा झाला. फ्रेशने हे काही केलेलं नाही. तो अजून लॉजवर उतरलेल्या पाहुण्यासारखा आहे, वहीत नाव लिहितो आणि पत्ता लिहित नाही.

अपवाद एकच, आणि तो मी मनापासून मान्य करते. 'फ्रेश होणे'. हे क्रियापद इंग्रजांचंही नाही, असं आपल्याकडेच घडलं. त्यांच्याकडे 'फ्रेशन अप' असं काहीसं आहे, पण त्यात आपल्या 'फ्रेश होऊन या'मधली अदब नाही. पाहुणे आले की पूर्वी म्हणायचे, हातपाय धुऊन घ्या. त्यातलं हातपाय सोडून बाकीचं कोणी बोलत नसे आणि बाईमाणसाची पंचाईत व्हायची. द्रुतगती मार्गावर गाडी थांबते, कंडक्टर ओरडतो, "फ्रेश होऊन घ्या, पंधरा मिनिटं." माझ्या आईच्या पिढीतल्या बायका प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यायच्या, कारण वाटेत विचारायचं काय आणि कोणत्या तोंडाने. या एका शब्दाने ती अडचण बरीच हलकी केली. तिथे शब्दाचं मोघम असणं हाच त्याचा गुण. इडलीच्या पिठाच्या पाकिटावर तोच दोष होतो.

कायद्याला हे कळलेलं आहे, असं म्हणायला जागा आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे विनियम २०१८चे, लागू झाले १ जुलै २०१९ पासून. त्यांत नैसर्गिक, शुद्ध, अस्सल, पारंपरिक अशा शब्दांच्या रांगेत फ्रेशसुद्धा उभा आहे. नियमाचा मथितार्थ असा: धुणं, सोलणं, थंड करणं, निवडणं, चिरणं आणि एका ठरावीक मर्यादेत किरणोत्सर्ग देणं, पदार्थ खायला सुरक्षित राहावा म्हणून लागेल तेवढी प्रक्रिया करणं, याच्या पलीकडे गेलेल्या पदार्थाला फ्रेश म्हणायचं नाही. ती किरणोत्सर्गाची मर्यादा १ किलोग्रे (पदार्थाने शोषलेली किरणांची मात्रा मोजायचं एकक). आपल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र २००२पासून आहे, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे जी मात्रा देतात ती या मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणजे नुसता मर्यादेचा आकडा बघितला तर किरणं दिलेला कांदाही फ्रेशमध्ये बसतो. माझी त्याला हरकत नाही, कांदा चांगला टिकतो. पण तो कांदा कधी काढला हे त्या शब्दातून कळत नाही. कायद्याने 'काय केलं नाही' याची यादी दिली, पण त्या यादीतून 'कधी' हे कळत नाही.

याच विनियमांत मला सगळ्यात गमतीचं वाटलेलं कलम वेगळं आहे. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल आणि त्यामुळे गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर पाकिटावर खुलासा छापायचा की हे फक्त व्यापारनाम आहे, मालाचं खरं स्वरूप सांगणारं नाही. अक्षरं किमान ३ मिलिमीटर उंचीची. तीन मिलिमीटर म्हणजे साबुदाण्याचा एक दाणा. समोर फ्रेश पोस्टरएवढा आणि मागे 'तसं काही समजू नका' साबुदाण्याएवढं. असा खुलासा मी स्वतः मराठीत केलेला आहे, पैसे घेऊन. लाज वाटली असं म्हणणार नाही, पण तो मजकूर मी चष्मा लावूनच तपासला एवढं खरं.

अमेरिकेत १९९१ साली त्यांच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संत्र्याच्या रसाचा साठा जप्त केला होता. रस आटवून, परत पाणी घालून केलेला, आणि नाव 'सिट्रस हिल फ्रेश चॉईस'. विषबाधा झाली नव्हती, रस आंबला नव्हता. खटका एका विशेषणावरून उडाला. आपल्याकडे २०२४च्या जूनमध्ये प्राधिकरणाने अशाच आटवून परत पाणी घालून केलेल्या रसांच्या पाकिटांवरून 'शंभर टक्के फळांचा रस' हे शब्द काढायला लावले, ते योग्यच झालं. म्हणजे शब्दाला जाब विचारता येतो. विचारायचा ठरवला तर.

आता पुण्यात काय चाललंय ते बघा. दुकानांच्या मराठी पाट्यांवरून एवढी आंदोलनं झाली. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला, सगळ्या दुकानांना देवनागरी पाटी बंधनकारक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२३च्या सप्टेंबरात न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या. मी कर्वे रस्त्याने एका संध्याकाळी नुसत्या पाट्या वाचत चालत गेले. फ्रेश ज्यूस. फ्रेश चिकन. फ्रेश अँड फ्रोजन. फार्म फ्रेश. डेली फ्रेश. अक्षर न्‌ अक्षर देवनागरी, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर. कायदा पाळला गेला, रंगाऱ्यांना आणि फ्लेक्सवाल्यांना काम मिळालं आणि 'रोजचं', 'आजचं', 'आत्ता काढलेलं' यांपैकी एकही शब्द त्या रस्त्यावर सापडला नाही. पाट्यांच्या बाजूने मीही होते, अजूनही आहे. पण आपण लिपीसाठी भांडलो आणि अर्थ तसाच सोडून आलो. वाचता येणारी पाटी आणि कळणारी पाटी यांत बरंच अंतर असतं.

मासळीचं उदाहरण तर इथे हटकून द्यावं लागतं. पुण्याला समुद्र नाही. गणेश पेठेच्या मासळी बाजारात जी समुद्राची मासळी येते ती घाट चढून, बर्फात, रात्रीचा प्रवास करून येते. ती वाईट असते असं मुळीच नाही. जुनं गिऱ्हाईक कल्ले उचलून लाल आहेत का बघतं, डोळे बघतं, बोटाने दाबून बघतं आणि विचारतं, "कधीची गाडी?" विकणारीही उत्तर देते. नवं गिऱ्हाईक चकचकीत दुकानात काचेपलीकडचा फ्रेश वाचतं आणि पिशवी पुढे करतं. बर्फ तोच, गाडीही कदाचित तीच. मधल्यामध्ये प्रश्न तेवढा हरवला.

नवेपणाच्या नावांचं पुण्याला वावडं नाही, हेही सांगून टाकते. १८८० साली निघालेलं न्यू इंग्लिश स्कूल आज दीडशेच्या घरात आलं तरी न्यूच आहे. शनिवारवाड्याजवळचा १९२३ सालचा पूल शंभरी उलटून गेली तरी नवा पूलच. रिक्षावाल्याला 'जुना नवा पूल' असं सांगणारा अजून भेटलेला नाही. पण त्या नवेपणाच्या भरवशावर कोणी पूल विकत घेत नाही, म्हणून ते चालतं.

जिथे या शब्दावर माणसाचं काहीतरी अडतं तिथे मात्र मला तो खटकतो. सरकारी अर्ज घ्या. पासपोर्टच्या अर्जात 'फ्रेश' आणि 'री-इश्यू' असे दोन रकाने. जुनं पुस्तक संपलं, आता नवं कोरं पुस्तक हवं, तर माणूस साहजिक फ्रेशवर बोट ठेवतो. पण तिथे फ्रेशचा अर्थ 'आयुष्यात पहिल्यांदा'. ज्याच्याकडे आधी पासपोर्ट होता त्याला नवं पुस्तक मिळालं तरी ते फ्रेश नव्हे. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळांवर तीच जोडी, फ्रेश आणि रिन्यूअल. 'पहिल्यांदा अर्ज करत आहात का? हो / नाही' एवढं लिहिलं की शेजारच्या मुलाला विचारायला जावं लागत नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४चा आहे. साठ वर्षांत 'पहिला' हा शब्द अर्जापर्यंत पोचू नये, याला भाषेची गरिबी म्हणता येणार नाही.

आणि फ्रेशर. हिंजवडीच्या बसमध्ये अर्धी बस फ्रेशरांची असते, निदान सकाळी. शब्द पाहिजे तर ठेवा, 'नवशिका' म्हटलं तर पोरांना अपमान वाटतो आणि 'नवपदवीधर' म्हटलं तर हसू येतं. पण जाहिरातीत तो कसा वापरतात? 'फक्त फ्रेशर, या वर्षीची बॅच.' म्हणजे मागच्या वर्षी पदवी घेतलेला, एकही दिवस नोकरी न केलेला मुलगा फ्रेशर नाही आणि अनुभवीही नाही. मग तो कोण? भाजीच्या बाबतीत आपण शिळी म्हणतो, माणसाला म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून 'गॅप' म्हणतात. माझ्या भाच्याने या गॅपमध्ये आजोबांचं आजारपण काढलं. मुलाखतीला गेला की पहिला प्रश्न त्याचाच. उलट दुसऱ्या जाहिरातीत 'फ्रेशर, एक वर्षाचा अनुभव असल्यास प्राधान्य' असतं. पगार नवख्याचा, काम सरावलेल्याचं, आणि दोन्हीला मिळून एक गोड शब्द.

माझं म्हणणं एवढंच आहे की फ्रेश वापरायचा तर वापरा, पण विकताना वापरलात तर त्याच मापाच्या अक्षरांत, त्याला लागून, तारीख छापा. मागे नको, शिवणीवर नको, जांभळ्या शाईने प्लास्टिकवर उमटलेली आणि बोटाने पुसली जाणारी तर नकोच. हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावा, असा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून निघालाच होता. तेव्हाही आरडाओरडा झाला होता की पेढ्याला तारीख कसली. असते पेढ्याला तारीख. पेढा खाणाऱ्याच्या पोटाला ती कळते.

छोट्या विक्रेत्यांचं काय, हा आक्षेप खरा आहे. पदपथावर बसलेल्या बाईने मेथीच्या जुडीवर तारीख कुठे लिहायची? तिने लिहू नये. तिला विचारावं.

मागच्या आठवड्यात मंडईत गेले होते. जुन्या दगडी इमारतीच्या बाहेरच्या अंगाला एक मावशी मेथी मांडून बसली होती. डब्यातलं पाणी बोटांनी जुड्यांवर शिंपडत होती, पानं चमकत होती. माझ्या पुढच्या मुलीने विचारलं, "फ्रेश आहे ना?" मावशी म्हणाली, "एकदम फ्रेश." मुलीने दोन जुड्या घेतल्या, फोनवरून पैसे दिले आणि गेली. मग मी विचारलं, "मावशी, कधीची हो?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "ही कालची. आजची मागं पोत्यात हाय, अजून सोडली नाय. पाच रुपये जास्त पडतील."

मी कालचीच घेतली. थालीपीठच लावायचं होतं.